मायक्रोपिपेट

मायक्रोपिपेट (सूक्ष्मपिपेट) हे द्रवाचे अत्यल्प आकारमान मोजून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेण्यासाठी वापरले जाणारे, हातात धरावयाचे उपकरण आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्मिती आणि रोगनिदान या क्षेत्रांतील प्रयोगशाळांत त्याचा नित्य वापर होतो. या उपकरणाने साधारणतः १ मायक्रोलिटरपासून १००० मायक्रोलिटरपर्यंतचे, म्हणजे १ मिलिलिटरपर्यंतचे आकारमान मोजता येते.

एवढ्या लहान आकारमानातील चूक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे मायक्रोपिपेट वापरण्यास शिकणे म्हणजे केवळ दट्ट्या दाबण्यास शिकणे नव्हे. आपण सोडलेला द्रव तराजूवर तोलून आपला हात आणि आपले उपकरण दोन्ही तपासण्यास शिकणे होय. पुणे जिल्ह्यातील पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या प्रतिजैविकांच्या कारखान्यामुळे अशा मापनाचा संबंध पिंपरी-चिंचवड परिसराशी प्रारंभापासून आला आहे.

मायक्रोलिटर हे माप

१ लिटरचा दहा लाखावा भाग म्हणजे १ मायक्रोलिटर. १ मिलिलिटरमध्ये १००० मायक्रोलिटर असतात. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १ मिलिमीटर असलेल्या घनात जेवढा द्रव मावेल, तेवढे हे आकारमान असते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचे वस्तुमान ०.९९८ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १ मिलिग्रॅम भरते. पाण्याचे आकारमान आणि वस्तुमान यांमधील हा सोपा संबंध पुढे वर्णन केलेल्या पडताळणीचा पाया आहे.

व्यवहारातील परिचित मापांशी तुलना केल्यास या आकारमानाची कल्पना येते. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारे सुमारे २० थेंब १ मिलिलिटर भरतात. म्हणजे एक थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा असतो. भारतात प्रचलित असलेल्या, दर मिलिलिटरला ४० युनिटे असणाऱ्या इन्सुलिनचे एक युनिट २५ मायक्रोलिटरमध्ये असते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र १ किंवा २ मायक्रोलिटर द्रव घेण्याचे प्रसंग रोजचे असतात.

इतिहास

मायक्रोपिपेट प्रचारात येण्यापूर्वी काचेच्या अंशांकित पिपेटने द्रव मोजला जात असे. नळीचे वरचे टोक तोंडात धरून द्रव ओढावयाचा आणि टोकावर बोट ठेवून तो थोपवावयाचा, अशी ही पद्धत होती. अत्यल्प आकारमानासाठी बारीक छिद्राच्या काचनळ्या वापरीत. या पद्धतीत दोन मोठे दोष होते. रोगजंतू, आम्ल किंवा विषारी द्रव तोंडात जाण्याचा धोका सतत असे आणि मापाची अचूकता करणाऱ्याच्या श्वासावर व बोटावर अवलंबून राही. जैवसुरक्षेच्या आजच्या सर्व नियमांत तोंडाने पिपेट ओढण्यास मनाई आहे.

जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात काम करणाऱ्या हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ साली स्प्रिंग व दट्ट्या असलेल्या पिपेटची रचना तयार केली. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर ठेवणे आणि द्रव केवळ काढून टाकता येणाऱ्या टोकामध्येच घेणे, या त्यांच्या दोन कल्पना आजही कायम आहेत. हॅम्बुर्ग येथील एपेनडॉर्फ या कंपनीने पुढे या पिपेटचे उत्पादन सुरू केले. आरंभीच्या पिपेटने एकच ठरावीक आकारमान मोजता येत असे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे वॉरन गिल्सन यांच्या प्रयत्नांतून आकारमान कमीजास्त करता येणारी पिपेट प्रचारात आली.

रचना व कार्यतत्त्व

मायक्रोपिपेटचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत : अंगठ्याने दाबावयाची कळ, आकारमान ठरविणारा स्क्रू व त्याची अंकपट्टी, स्प्रिंगवर बसविलेला दट्ट्या, हवाबंद कडे, खालची नळी, टिप काढून टाकणारी कळ आणि पॉलिप्रॉपिलीनची एकदाच वापरावयाची टिप.

कळ दाबली असता दट्ट्या खाली सरकतो आणि ठरविलेल्या आकारमानाइतकी हवा बाहेर जाते. टिप द्रवात बुडवून कळ सावकाश सोडली की दट्ट्या वर जातो, आतील दाब कमी होतो आणि बाहेरील वातावरणाचा दाब द्रवाला टिपमध्ये ढकलतो. दट्ट्याचा द्रवाशी स्पर्श होत नाही. मधला हवेचा थर स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणला जातो; म्हणून तापमान, वातावरणाचा दाब आणि द्रवाचे गुणधर्म यांचा परिणाम मापावर होतो.

कळेला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंतचे अंतर हे मोजावयाचे आकारमान ठरविते. दुसरा थांबा टिपमध्ये उरलेला द्रव फुंकून बाहेर टाकण्यासाठी असतो. द्रव घेताना कळ दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबली, तर ठरविल्यापेक्षा अधिक द्रव आत येतो. नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

प्रकार

आकारमानाच्या कक्षेनुसार २ ते २०, २० ते २०० आणि १०० ते १००० मायक्रोलिटरच्या पिपेट सर्वत्र आढळतात. भारतीय प्रयोगशाळांत २०० मायक्रोलिटरपर्यंतच्या टिप बहुधा पिवळ्या आणि १००० मायक्रोलिटरच्या टिप निळ्या असतात. ९६ खळग्यांच्या पट्टीसाठी एकाच वेळी ८ किंवा १२ टिप भरणारी बहुमार्गी पिपेट वापरतात. ग्लिसरॉलसारख्या दाट आणि ॲसिटोनसारख्या लवकर उडून जाणाऱ्या द्रवांसाठी हवेचा थर नसलेली, म्हणजे दट्ट्या थेट द्रवाला टेकणारी पिपेट अधिक योग्य ठरते.

वापरण्याची पद्धत

१. पिपेटची निवड : मोजावयाचे आकारमान पिपेटच्या कमाल मर्यादेच्या जवळ असावे. २० मायक्रोलिटर मोजण्यासाठी २०० मायक्रोलिटरची पिपेट घेण्यापेक्षा २० मायक्रोलिटरची घ्यावी. कक्षेच्या तळाशी सापेक्ष चूक सर्वांत मोठी असते.

२. अंकपट्टीचे वाचन : तीन अंकी पट्टीचा अर्थ पिपेटनुसार बदलतो. २०० च्या पिपेटवर १, २, ५ हे अंक १२५ मायक्रोलिटर दाखवितात; २० च्या पिपेटवर तेच अंक १२.५ मायक्रोलिटर दाखवितात. १००० च्या पिपेटवर ०, ७, ५ म्हणजे ७५० मायक्रोलिटर. येथील चूक दहापटीची असते.

३. आकारमान ठरविणे : आकारमान वाढवावयाचे असल्यास स्क्रू इच्छित अंकाच्या थोडा पुढे नेऊन मग मागे आणावा. लेथवर काम करणारे कामगार स्क्रूच्या आट्यांमधील ढिलेपणाला बॅकलॅश म्हणतात. तोच ढिलेपणा येथेही असतो आणि नेहमी एकाच दिशेने अंकावर आल्यास त्याचा परिणाम टळतो. कक्षेच्या बाहेर स्क्रू कधीही फिरवू नये.

४. टिप ओली करणे : नवीन टिपमध्ये द्रव दोन-तीन वेळा घेऊन सोडावा. त्यामुळे आतील हवा दमट होते, बाष्पीभवन कमी होते आणि टिपच्या भिंतीवर द्रवाचा समान थर बसतो.

५. द्रव घेणे : कळ पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टिप द्रवात बुडवावी. लहान आकारमानासाठी १ ते २ मिलिमीटर आणि मोठ्यासाठी २ ते ४ मिलिमीटर खोली पुरते. पिपेट उभी धरावी. कळ सावकाश सोडावी, एक क्षण थांबावे आणि मग टिप बाहेर काढावी. कळ झटकन सोडल्यास हवेचे बुडबुडे शिरतात आणि द्रव उडून नळीत जाऊ शकतो.

६. द्रव सोडणे : टिपचे टोक भांड्याच्या भिंतीला तिरपे टेकवावे. कळ पहिल्या थांब्यापर्यंत सावकाश दाबावी, क्षणभर थांबून दुसऱ्या थांब्यापर्यंत न्यावी आणि ती दाबलेली असतानाच टिप भिंतीवरून वर सरकवीत बाहेर काढावी.

७. टिप बदलणे : प्रत्येक नव्या नमुन्यासाठी नवी टिप घ्यावी.

दाट किंवा फेसाळणाऱ्या द्रवासाठी उलट पद्धत वापरतात. तीत द्रव घेताना कळ दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतात आणि सोडताना केवळ पहिल्या थांब्यापर्यंत. टिपमध्ये उरलेला द्रव मोजमापात धरीत नाहीत.

अचूकता आणि परिशुद्धता

मापनात या दोन गुणांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अनेक मापांची सरासरी खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, याला अचूकता म्हणतात. तीच मापे एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला परिशुद्धता म्हणतात. एखादी पिपेट प्रत्येक वेळी नेमके ९७ मायक्रोलिटर देत असेल आणि तिच्यावर १०० हा अंक असेल, तर ती परिशुद्ध आहे, पण अचूक नाही. एखाद्या विद्यार्थ्याची मापे ९२ आणि १०८ यांच्यामध्ये विखुरलेली असतील आणि सरासरी १०० येत असेल, तर सरासरी अचूक असूनही त्याचे कोणतेही एक माप भरवशाचे नसते.

आयएसओ ८६५५ हे आंतरराष्ट्रीय मानक पिपेटच्या चुकीची मर्यादा ठरविते. त्याच्या २००२ च्या आवृत्तीनुसार एकमार्गी, हवेच्या थराच्या पिपेटसाठीच्या कमाल मर्यादा अशा आहेत : १० मायक्रोलिटरच्या पिपेटची सरासरी चूक ०.१२ आणि विखुरणे ०.०८ मायक्रोलिटर, १०० मायक्रोलिटरसाठी अनुक्रमे ०.८ आणि ०.३, १००० मायक्रोलिटरसाठी ८ आणि ३.

तराजूने पडताळणी

पिपेटची तपासणी शुद्ध पाणी तोलून केली जाते. मानकानुसार पिपेटच्या कमाल आकारमानावर, त्याच्या निम्म्यावर आणि एकदशांशावर प्रत्येकी १० मापे घेतात. मिलिग्रॅममधील वस्तुमानाला पाण्याची घनता आणि हवेचे उत्प्लावन लक्षात घेणाऱ्या एका गुणकाने गुणले असता मायक्रोलिटरमधील आकारमान मिळते. हा गुणक २० अंश सेल्सिअसला सुमारे १.००२९, २५ अंशांना १.००४० आणि ३० अंशांना १.००५४ असतो.

उदाहरणादाखल, १०० मायक्रोलिटरवर ठेवलेल्या पिपेटने २५ अंश सेल्सिअसला पुढील वस्तुमाने मिळाली असे समजू : ९८.६, ९८.९, ९८.७, ९८.५, ९८.८, ९८.७, ९८.६, ९८.९, ९८.७ आणि ९८.६ मिलिग्रॅम. यांची सरासरी ९८.७० आहे. १.००४० ने गुणल्यास ९९.०९ मायक्रोलिटर मिळतात. सरासरी चूक ०.९१ मायक्रोलिटर, म्हणजे ०.८ या मर्यादेपेक्षा अधिक आहे. मापांचे प्रमाण विचलन मात्र केवळ ०.१३ आहे आणि ते ०.३ च्या मर्यादेत बसते. याचा अर्थ हात स्थिर आहे. दोष बहुधा उपकरणाच्या जुळणीत आहे किंवा करणाऱ्याच्या एखाद्या पक्क्या झालेल्या सवयीत आहे. दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने त्याच पिपेटने मापे घेतल्यास हा प्रश्न सुटतो. तिलाही ९९.१ च्या आसपास मापे मिळाली, तर पिपेट दुरुस्तीस पाठवावी. याउलट मापे विखुरलेली असतील, तर प्रथम टिप नीट बसली आहे का, कडे झिजले आहे का आणि कळ सारख्याच वेगाने सोडली जाते का, हे पाहावे.

१० मायक्रोलिटरपर्यंतच्या आकारमानासाठी ०.००१ मिलिग्रॅम, १०० पर्यंत ०.०१ मिलिग्रॅम आणि १००० पर्यंत ०.१ मिलिग्रॅम वाचणारा तराजू लागतो. एवढी साधने नसलेल्या विद्यालयातही उपयुक्त सराव करता येतो. १ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर झाकणाची लहान कुपी ठेवून तीत १०० मायक्रोलिटर पाणी १० वेळा सोडावे. २५ अंशांना एकूण वजन ९९६ मिलिग्रॅमच्या आसपास यावयास हवे. यावरून विखुरणे कळत नाही, पण सरासरी चूक समजते.

पुणे परिसरात ही चाचणी करताना दोन स्थानिक गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. मार्च ते मे या काळात दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि तोलत असतानाच पाण्याचे बाष्पीभवन होऊन वजन घटताना दिसते. म्हणून कुपी झाकलेली ठेवणे आणि खोलीची आर्द्रता राखणे आवश्यक ठरते. दुसरे असे की, हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत कमी, सुमारे ९५० हेक्टोपास्कल असतो. विरळ हवेचा थर द्रवाच्या भाराने किंचित अधिक ताणला जातो. हा परिणाम अल्प असला, तरी पिपेटचे अंशशोधन ती जेथे वापरली जाते तेथील परिस्थितीत का करावे, हे त्यावरून ध्यानात येते.

पिंपरी येथील प्रतिजैविके आणि जैव आमापन

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यापूर्वीच, १९५४ साली, केंद्र सरकारने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. तिला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य लाभले. १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. याच संस्थेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला पिंपरी गावावरून स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नाव देण्यात आले.

प्रतिजैविकाच्या बाबतीत कुपीत किती पूड आहे, एवढेच पाहून भागत नाही. ती जिवाणूंवर किती परिणाम करते, हे मोजावे लागते. म्हणून पेनिसिलिनची मात्रा युनिटांत सांगतात. एक युनिट म्हणजे शुद्ध सोडियम बेंझिलपेनिसिलिनचे ०.६ मायक्रोग्रॅम, त्यामुळे दहा लाख युनिटांच्या कुपीत सुमारे ०.६ ग्रॅम औषध असते.

ही परिणामशक्ती, म्हणजे प्रबळता, मोजण्याच्या पद्धतीला जैव आमापन म्हणतात. पेट्री बशीतील आगर या पोषक थरावर संवेदनशील जिवाणू पसरवितात. त्यावर पोलादाच्या लहान उघड्या नळ्या उभ्या ठेवतात. प्रचलित मापाच्या नळीचा आतील व्यास ६ मिलिमीटर आणि उंची १० मिलिमीटर असते; म्हणजे तीत काठोकाठ सुमारे २८० मायक्रोलिटर द्रव मावतो. काही नळ्यांत प्रमाणित औषधाचे आणि काहींत तपासावयाच्या औषधाचे द्रावण समान मापाने भरतात. औषध आगरात झिरपते आणि नळीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय तयार होते. दोन्ही वलयांच्या व्यासांची तुलना करून प्रबळता ठरवितात.

येथे एक गणिती अडचण आहे. वलयाचा व्यास द्रावणाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढत नाही, तर तीव्रतेच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो. तीव्रता बरीच बदलली, तरी व्यास थोडाच बदलतो. त्यामुळे वलयातील अर्ध्या मिलिमीटरचा फरकही प्रबळतेच्या हिशेबात मोठा होऊन येतो. सर्व नळ्यांत सारखाच द्रव भरलेला नसेल, तर वलयांचा फरक औषधामुळे पडला की भरणाऱ्याच्या हातामुळे, हे सांगता येत नाही.

क्रमिक विरलनातील चूक

दर मिलिलिटरला दहा लाख युनिटे असलेल्या पेनिसिलिनच्या द्रावणापासून दर मिलिलिटरला एक युनिट असलेले द्रावण करावयाचे झाल्यास दहापटीच्या विरलनाचे सहा टप्पे लागतात. प्रत्येक टप्प्यात १०० मायक्रोलिटर द्रावण ९०० मायक्रोलिटर द्रवात मिसळतात, असे समजू. दर वेळी १०० ऐवजी १०५ मायक्रोलिटर गेले, तर सहाव्या टप्प्यानंतरचे द्रावण अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक तीव्र होते. दर वेळी ९५ गेले, तर ते सुमारे २४ टक्के कमी तीव्र होते. एका टप्प्यातील ५ मायक्रोलिटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तो एका लहान थेंबाच्या दशांशाइतका असतो.

अशा चुकीचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. नमुन्याचे द्रावण अधिक तीव्र झाल्यास निकृष्ट औषधही चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते आणि रुग्णापर्यंत अपुरी मात्रा पोहोचते. ते सौम्य झाल्यास उत्तम औषधाचा संपूर्ण गट नाकारला जाऊ शकतो. म्हणून शक्य तेथे टप्प्यांची संख्या कमी ठेवतात आणि मोठ्या आकारमानाचे अंशांकित चंबू वापरतात. विरलनाच्या प्रत्येक टप्प्यात टिप बदलणे आणि द्रावण पूर्णपणे ढवळणे हेही तितकेच आवश्यक असते.

रेणवीय निदान

२०२० च्या कोविड साथीत आरटी-पीसीआर हा शब्द घरोघरी पोहोचला. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था या तपासणीच्या केंद्रस्थानी होती आणि मार्च २०२० मध्ये लोणावळा येथील मायलॅब या कंपनीच्या तपासणी संचाला मान्यता मिळाली. या तपासणीत रुग्णाच्या नमुन्यातील काही मायक्रोलिटर द्रव अभिक्रियेच्या मिश्रणात घालतात आणि प्रत्येक चक्रात जनुकीय द्रव्य जवळजवळ दुप्पट होते. द्रव दुप्पट घातला गेला, तर निष्कर्ष केवळ एका चक्राने अलीकडे येतो. १० टक्क्यांच्या चुकीने चक्राचा सुमारे सातवा भाग सरकतो. तेव्हा येथे मोठा धोका अल्पशा कमीजास्त मापाचा नसतो. नमुना घालावयाचा राहून जाणे, थेंब टिपमध्येच अडकणे किंवा एका नमुन्याचे तुषार पिपेटच्या नळीतून दुसऱ्यात जाणे, या गोष्टी होकारार्थी निष्कर्षाला नकारार्थी किंवा नकारार्थीला होकारार्थी करू शकतात. तुषार अडविण्यासाठी गाळणी बसविलेल्या टिप वापरतात.

देखभाल

टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवी ठेवू नये. द्रव नळीत शिरून दट्ट्या गंजतो. काम संपल्यावर ती स्टँडवर उभी टांगावी. टिपशिवाय द्रवात बुडवू नये. बराच वेळ हातात धरल्याने तळहाताची उष्णता आतील हवेला मिळते आणि माप बदलते. म्हणून मधूनमधून ती खाली ठेवावी.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील यंत्रशाळांत मायक्रोमीटरसारख्या मापकांवर अंशशोधनाची तारीख आणि पुढील मुदत लिहिलेली पट्टी चिकटविलेली असते. मुदत संपलेल्या मापकाने मोजलेला भाग मान्य केला जात नाही. मायक्रोपिपेटलाही हीच शिस्त लागू आहे. मायक्रोमीटरचा मेळ प्रमाणित ठोकळ्यांशी घालतात, तर पिपेटचा मेळ प्रमाणित वजनांनी तपासलेल्या तराजूशी घालतात. भारतात वस्तुमानाची राष्ट्रीय मानके नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केली जातात. अंशशोधनाच्या साखळीने महाविद्यालयातील विद्यार्थ्याने सोडलेला १०० मायक्रोलिटरचा थेंब त्या मानकांशी जोडलेला असतो. दोन अंशशोधनांच्या मधल्या काळात पिपेट खाली पडली, तर मुदतीची वाट न पाहता ती त्याच दिवशी पाणी तोलून तपासावी.

हे सुद्धा पहा

पेनिसिलिन
प्रतिजैविक
अंशशोधन
हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड
राष्ट्रीय विषाणू संस्था